श्रेय तीन घोटांना, मला ठेंगा

मी एक जुनी पेशी आहे. जुनी म्हणजे सत्तावीस वर्षांची. तुम्ही म्हणाल, सत्तावीस हे काय वय झाले? पण मित्रांनो, माझ्याबरोबर जन्मलेल्या बहुतेक जणी आठवडाभरातच संपल्या. तेव्हा मला म्हातारी म्हणायला हरकत नाही, आणि म्हातारीने थोडी कुरकुर केली तर तुम्ही ती ऐकून घ्यावी.

माझा मुक्काम पाराग्वे देशातल्या इताउग्वा गावात, झुनिल्दा नावाच्या बाईच्या जबड्याखालच्या गाठीत आहे. तशी गाठ तुम्हालाही आहे. घसा धरला की ती फुगते आणि तुम्ही तिथे बोट लावून रडवेले तोंड करता, तीच ती. ती फुगते, कारण आत आमची लढाईची तयारी चाललेली असते आणि जागा अपुरी पडते. तुम्ही मात्र म्हणता, "ही मेली गाठ कुठून आली!" आम्ही रात्रंदिवस राबायचे आणि वर शिव्या खायच्या. कपाळाला हात लावावा म्हटले तर मला कपाळही नाही आणि हातही नाही.

गाठ कानाजवळ असल्यामुळे घरातले सगळे बोलणे मला ऐकू येते. ते ऐकून मी जितकी वैतागले आहे, तितके मला कुठल्या जंतूनेही वैतागवलेले नाही.

माझा जन्म हाडातल्या मज्जेत झाला. तिथे रोज लाखो पेशी जन्मतात. आमच्या कुळातल्या प्रत्येकीच्या अंगावर एक खाच असते, आणि ती खाच जगातल्या एकाच कुठल्यातरी आकाराला नेमकी बसते. तो आकार कोणाचा, हे कोणी सांगत नाही. काही जणींची खाच आपल्याच शरीराला बसते. अशा जणींना तिथल्या तिथे संपवतात, नाहीतर त्या घरच्यांवरच हत्यार उपसतील. बाकीच्या रक्तातून हिंडत राहतात, वाट बघतात आणि आपला शत्रू न भेटताच मरून जातात. मलाही वाटले होते की माझे असेच होणार.

पण झुनिल्दा दोन महिन्यांची झाली तेव्हा तिच्या आईने तिला आरोग्य केंद्रात नेले. मांडीत सुई गेली आणि पोरीने टाहो फोडला. त्या सुईतून डांग्या खोकल्याचे जंतू आले होते. घाबरू नका, मेलेले होते. आमच्यातल्या खबऱ्या पेशींनी त्यांचे तुकडे उचलून गाठीत आणले आणि बाजारात भाजी मांडावी तसे मांडून ठेवले. मी तिथून चालले होते. एक तुकडा माझ्या खाचेत असा बसला की मला पुढे सरकता येईना.

लगेच काही कामाला लागता येत नाही. आमच्याकडे मुकादम पेशी असतात. त्यांनी येऊन बघितल्याशिवाय आणि होकार दिल्याशिवाय काही हलत नाही. मुकादम आला, उलटसुलट बघितले, पुन्हा बघितले. मी म्हटले, अरे बाबा, जंतू आहे, पाहुणा नाही! शेवटी त्याने हुकूम दिला. मग माझ्या एकीच्या दोन झाल्या, दोघींच्या चार, आणि बघता बघता गाठ भरून गेली. माझ्या बहिणींपैकी बऱ्याच जणी प्रतिपिंडे बनवायला बसल्या. प्रतिपिंड म्हणजे दोन टोकांचा एक चिमुकला आकडा. तो जंतूला बिलगला की सोडत नाही, आणि मग खादाड पेशी येऊन त्या जंतूला गिळून टाकतात. एकेक बहीण सेकंदाला हजारो आकडे बनवत होती. काही दिवस बनवत राहिल्या आणि मरून गेल्या.

मला मात्र मागे ठेवले. सांगितले, तू फक्त लक्षात ठेव.

तेव्हा मला फार राग आला होता. सगळ्या लढताहेत आणि मी नुसती बसून आठवण काढायची! हे काम सगळ्यांत कठीण आहे, हे पुढे कळले. झुनिल्दा चार महिन्यांची झाली, सहा महिन्यांची झाली, तसतशा आणखी सुया आल्या, पुढे शाळेत जायच्या आधी एक आली. दर वेळी माझी उजळणी झाली. मी तयार झाले.

झुनिल्दा चौदा वर्षांची असताना तिच्या वर्गात खोकल्याची साथ आली. जंतू खरेच आले, जिवंत आले आणि तिच्या श्वासनळीतल्या बारीक केसांना चिकटले. मी त्यांना ओळखले. या वेळी मुकादमानेही फार आढेवेढे घेतले नाहीत. दोन दिवसांत आमची फौज उभी राहिली. वर्गातली काही मुले महिना महिना खोकत होती आणि झुनिल्दा तीन दिवस खोकून चौथ्या दिवशी शाळेत गेली. मला वाटले, आता कोणीतरी दोन शब्द बोलेल. बोलली तिची आई. शेजारणीला म्हणाली, "आमच्या पोरीला काही होत नाही. ऑगस्टात वेळेवर कार्रुलिम देते ना मी!"

कार्रुलिम म्हणजे उसाच्या दारूत सतापाची पाने आणि लिंबू घालून मुरवत ठेवलेले पेय. ऑगस्टची पहिली तारीख उजाडली की इथला सगळा देश उपाशीपोटी त्याचे तीन घोट घेतो. ऑगस्ट महिना माणसे आणि गुरे घेऊन जातो असे म्हणतात, आणि हे तीन घोट घेतले की तो तुमच्या दारावरून पुढे जातो. माझी त्याला हरकत नाही. लोकांनी प्यावे, हसावे, खुशाल राहावे. पण बाटली वर्षातून एकदा उघडायची आणि तीनशे पासष्ट दिवसांचे श्रेय तिने घ्यायचे, हे मला सहन होत नाही.

सहा वर्षांपूर्वी झुनिल्दा लग्न होऊन याच गावात दुसऱ्या गल्लीत आली आणि माझ्या वैतागात भर पडली. नवरा विल्फ्रिदो ट्रक चालवतो आणि महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर असतो. घरात सासू. सासूचे नाव देओदाता. गल्लीतले लोक तिला मानाने न्या देओदाता म्हणतात. परसात तिची औषधी झाडे, फडताळात तिच्या बाटल्या, आणि कोणी नुसते शिंकले तरी तिचा खलबत्ता सुरू.

झुनिल्दा न्यांदुती विणते. लाकडी चौकटीवर कापड ताणायचे आणि त्यावर सुईने कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल गोल नक्षी भरायची, असे ते काम. इताउग्वात घरोघरी चालते. एकदा तिच्या बोटात सुई खोलवर गेली. सुईला कसली घाण होती कोण जाणे, पण जंतू आत शिरले. आमच्यातल्या पहिल्या फळीच्या पेशी धावल्या. या पेशींना कोणाची ओळखबिळख लागत नाही. परका दिसला की तोंडात. त्या इतके खातात की खाता खाता मरतात, आणि जखमेतून येणारा पू म्हणजे बहुतेक त्यांचीच प्रेते असतात. बोट लाल झाले, गरम झाले, ठणकले. ही लढाई होती. न्या देओदाताने त्यावर पाला वाटून बांधला. तिसऱ्या दिवशी सूज उतरली.

"बघितलंस? माझ्या पाल्यानं सगळं ओढून काढलं," ती म्हणाली.

"खरंच हं आई, तुमच्या हाताला गुण आहे," झुनिल्दा म्हणाली.

हजारो पेशी मेल्या होत्या, मित्रांनो. हजारो. आणि गुण पाल्याला!

आता खोटे कशाला बोलू, आमच्यातही मूर्ख आहेत. शेजारच्या मांजराचा एक केस नाकात गेला की आमच्या काही जणी युद्ध पुकारतात आणि बिचारी झुनिल्दा तासभर शिंकत बसते. मांजर! मी त्यांना किती वेळा सांगितले की मांजराने आजवर कोणाचे राज्य घेतलेले नाही. ऐकत नाहीत. पण मुळात आम्ही मन लावून काम करणाऱ्या आहोत, एवढे तुम्ही मान्य कराल.

आता मुख्य गोष्ट सांगते. गेल्या वर्षी झुनिल्दाला दिवस गेले. पाच वर्षे वाट बघून हे मूल येत होते. घरात आनंद झाला, आणि माझ्या जिवाला मात्र घोर लागला. कारण चौदाव्या वर्षानंतर मला तो जंतू दिसलेला नव्हता आणि एकही सुई आली नव्हती. बारा वर्षांत माझ्या जातीच्या किती जणी मेल्या याची मोजदाद नाही. उरलो त्या म्हाताऱ्या, पेंगणाऱ्या. रक्तातले जुने आकडे केव्हाच झिजून गेले होते. मोठ्या माणसाला हा खोकला झाला तर तो महिना दोन महिने खोकतो आणि वाचतो. पण तान्ह्या बाळाच्या अंगात आमच्यासारखे कोणीच नसते. त्याला जे मिळते ते आईच्या रक्तातून, जन्माच्या आधी. आणि आईच्याच रक्तात आकडे नसतील, तर बाळाला काय मिळणार? डोंबल!

म्हणूनच तर सातव्या महिन्यात आईला एक सुई देतात. आरोग्य केंद्रातली नर्स एर्मिंदा ते सांगायला घरी आली. इथल्या रिवाजाप्रमाणे कडी न वाजवता फाटकाशी टाळ्या वाजवल्या, आत येऊन बसली आणि नीट समजावून सांगितले. झुनिल्दा चौकटीवरून मान वर न करता म्हणाली, "येते ना नर्सबाई. एवढा टेबलावरचा कपडा होऊ दे. लग्नाचा आहे, शनिवारी द्यायचाय."

शनिवार आला आणि गेला. नर्स दुसऱ्यांदा आली. तेव्हा पाय सुजले होते म्हणून जमले नाही. खरे कारण मला माहीत होते. दिवसभर सुई हातात घेऊन बसणारी ही बाई सुईला घाबरते! स्वतःच्या दंडाकडे सुई येताना दिसली की तिचे हातपाय गार पडतात, हे मी आत बसून अनुभवलेले आहे. आणि सासूने तिला आयती पळवाट दिली. "पहिली तारीख चार दिवसांवर आलीये," न्या देओदाता म्हणाली. "कार्रुलिम लागलं की तुला आणि बाळाला वर्षभर बघायला नको. कशाला टोचून घेतेस?"

झुनिल्दाचा जीव भांड्यात पडला. माझा नाही.

पहिली ऑगस्ट उजाडली. उत्तरेचा गरम वारा सुटला होता. न्या देओदाताने बाटली काढली आणि झुनिल्दासमोर वाटी धरली.

"पोटुशी आहेस, नुसते ओठ ओले कर. एक थेंब आत जाता कामा नये. ओठांना लागलं तरी ऑगस्ट ओळखतो."

"ऑगस्टला डोळे असतात का आई?"

"तुला तोंड आहे तेवढं पुरे. लाव ओठ."

इतक्यात न्या देओदाताचा धाकटा भाऊ बासिलिओ दारात उभा राहिला. हा चाकोच्या रानात मोठ्या कुरणावर गुरे राखतो आणि वर्षातून एकदा बहिणीकडे येतो. बहीण त्याच्या गळ्यात पडली. त्याने आशीर्वाद द्यायला तोंड उघडले आणि खोकला आला. एकामागून एक, एकामागून एक, श्वास घ्यायलाही उसंत नाही, आणि सगळ्यात शेवटी छाती फाटेल असा लांब ओढून घेतलेला श्वास.

मी पेंगत होते ती खाडकन जागी झाले. हा आवाज मी ऐकला होता. झुनिल्दाच्या वर्गात, बारा वर्षांपूर्वी.

"चाकोची धूळ आहे ताई," डोळे पुसत बासिलिओ म्हणाला. "आम्ही तिकडं धूळच जेवतो."

"तीन घोट घे, मोकळं होईल."

त्याने पाच घेतले. मग अंगणात सावलीत खुर्च्या मांडल्या आणि तेरेरे सुरू झाले. गुरांच्या शिंगाचा पेला, त्यात येर्बाचा पाला, वर गार पाणी आणि चोखायला धातूची एकच नळी. एकाने पाणी ओतायचे आणि पेला पाळीपाळीने सगळ्यांनी प्यायचा. नको असेल तर पेला परत देताना "आभार" म्हणायचे. मग तुमची पाळी संपली, तुम्हाला पुन्हा कोणी देत नाही. पण पहिल्याच फेरीला आभार मानणे म्हणजे पाहुण्याच्या तोंडावर दार लावून घेणे. त्या दिवशी पाणी ओतत होता बासिलिओ. त्याने आधी स्वतः चोखले, खोकला आला म्हणून पेल्यावरच खोकला, पुन्हा पाणी ओतले आणि पेला झुनिल्दापुढे धरला.

"घे पोरी. बाळालाही गार वाटू दे."

झुनिल्दा थांबली. तिचे हृदय जरा जोरात चालले हे मला कळले. तिला ते आवडले नव्हते. मी आतून ओरडत होते, आभार म्हण! एक शब्द! एका शब्दाने जग बुडत नाही! पण मामाला काय वाटेल, सासूला काय वाटेल, या विचाराने तिने पेला घेतला आणि नळी तोंडात धरली. काय बोलावे या माणसांना? पोटात सात महिन्यांचा जीव आहे, आणि हिला काळजी मामाच्या मनाची! नळीतून जे यायचे ते आले, आणि त्याहून जास्त आले ते त्याच्या खोकल्यातून उडालेल्या थेंबांतून.

दुसरी फेरी सुरू होणार तोच फाटकाशी टाळ्या वाजल्या. नर्स एर्मिंदा तिसऱ्यांदा आली होती, खांद्याला बर्फाची पेटी अडकवून. ती फाटकातूनच म्हणाली, "हा खोकला कोणाचा?"

"माझा. का, विकत घेताय?" बासिलिओ म्हणाला.

"किती दिवसांचा आहे?"

"झाले असतील तीन आठवडे. चाकोची धूळ."

"धुळीनं असा श्वास ओढावा लागत नाही, बासिलिओभाऊ. खोकून खोकून उलटी होते?"

त्याने हातातला पेला फिरवला. "होते कधी कधी," तो म्हणाला.

नर्सने त्याच्या हातातला पेला काढून जमिनीवर ठेवला. "उठा. माझ्याबरोबर केंद्रात चला, नाकातलं तपासायला घेऊ. मला हा डांग्या खोकला वाटतो."

"तो पोराटोरांना होतो हो!"

"मोठ्यांनाही होतो. मोठे खोकतात आणि पोरांना देतात. आणि तान्ह्या बाळाला तर खोकताही येत नाही. ते निळं पडतं आणि श्वास घ्यायचं थांबतं."

झुनिल्दाचा हात पोटावर गेला. आता न्या देओदाता कार्रुलिमची बाजू घेऊन भांडणार, अशी माझी खात्री होती. ती भांडखोर आहे आणि नर्सने तिच्या भावाला तिच्याच अंगणात उठवले होते. पण ती खुर्चीत तशीच बसून राहिली. हातातल्या बाटलीचे बूच तिने लावले, काढले, पुन्हा लावले.

"आब्दोन निळा पडला होता," ती म्हणाली.

"कोण आब्दोन?" बासिलिओने विचारले.

"आपला भाऊ. तुझ्या आधीचा. तुला आईनं कधी सांगितलं नाही. दीड महिन्याचा होता. मी नऊ वर्षांची. आईनं झोपवायला माझ्या मांडीवर दिला होता. दोनदा खोकला, निळा पडला आणि..." तिने बाटली खाली ठेवली. "त्या वर्षी घरात आजारपण होतं, कोणी कार्रुलिम केलं नव्हतं. मला वाटलं, म्हणूनच गेला. तेव्हापासून एक ऑगस्ट मी चुकवला नाही."

मित्रांनो, मी पाच वर्षे या बाईवर दात खात होते. मला वाटे, ही हट्टी आहे, अडाणी आहे, आमचे श्रेय लाटते. ती आपल्या परीने पहारा देत होती, हे माझ्या ध्यानातच आले नाही. आठवण धरून बसणे हे माझे एकटीचेच काम आहे अशी माझी समजूत होती. मला माझीच लाज वाटली.

न्या देओदाताने बाही वर सारली. "आधी मला टोच."

"आज एकच आणलीये न्या देओदाता, तिच्यासाठी."

"मग तिला दे. मी उद्या केंद्रात येते. नाही म्हणालात तर तिथं बसून भांडीन."

"आई, मला भीती वाटते," झुनिल्दा लहान मुलीसारखी म्हणाली.

"वाटू दे. ही घे तुझी चौकट. यातल्या मोठ्या फुलाचे धागे मोज. मोठ्यानं मोज. दंडाकडं बघू नकोस."

झुनिल्दाने अकरापर्यंत मोजले आणि सुई निघालीही.

बासिलिओ नर्सबरोबर गेला. तपासात तिचे म्हणणे खरे ठरले. घरातल्या सगळ्यांना औषध मिळाले, झुनिल्दालाही, आणि नळीतून व थेंबांतून जे काही आत आले होते ते त्या औषधाने आणि आमच्या पहिल्या फळीने मिळून संपवले. बासिलिओला काही दिवस मागच्या खोलीत ठेवले. त्याला स्वतःचा वेगळा पेला आणि वेगळी नळी दिली. वेगळी नळी! चार दिवस तो तोंड पाडून बसला होता. "आता मला कुत्र्याचं भांडं पण द्या," असे तो म्हणाला. सहाव्या दिवशी त्याला हसू आले.

आणि मी? मला काय झाले ते कसे सांगू! खबऱ्यांनी तो तुकडा आणून समोर ठेवला आणि माझ्या खाचेत तो बसला तेव्हा बारा वर्षांची झोप उडाली. मुकादम आला, मी त्याला बोलूच दिले नाही. एकीच्या दोन, दोघींच्या चार. पेंगणाऱ्या सगळ्या म्हाताऱ्या उठल्या. पण मित्रांनो, आता या वयात या कामाला दोन आठवडे लागतात. बाळ यायला दोन महिने होते म्हणून बरे. नर्स चौथ्यांदा येईपर्यंत झुनिल्दाने दिवस ढकलले असते, तर मी जागी झाले असते पण माल पोचवायला वेळ उरला नसता. या शेवटच्या घडीपर्यंत थांबण्याच्या सवयीला काय म्हणावे?

आईच्या आणि बाळाच्या रक्तामध्ये वारेचा पडदा असतो. मला त्यातून जाता येत नाही. मी कितीही जुनी, कितीही जाणती असले तरी तो पडदा ओलांडायची मला मुभा नाही. प्रतिपिंडांना मात्र तिथून हात धरून पलीकडे नेतात. मी ते पाठवत राहिले. आठवडेच्या आठवडे पाठवले. तिकडे काय चालले आहे, पोचले की नाही, पुरले की नाही, हे मला कोणी कळवत नव्हते. देत राहायचे आणि उत्तराची वाट बघायची नाही, असे ते काम होते.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला मुलगा झाला. नाव काय ठेवायचे हे झुनिल्दाने कोणाला विचारले नाही. बाळ सासूच्या हातात दिले आणि म्हणाली, "हा आब्दोन." न्या देओदाताने तोंड फिरवले आणि ती बराच वेळ परसातल्या झाडांकडे बघत उभी राहिली.

नाळ तुटली तेव्हा माझा त्या पोराशी संबंध संपला. उरले ते एवढेच, की झुनिल्दा त्याला खांद्यावर घेते तेव्हा त्याचे तोंड तिच्या जबड्याखाली येते, थेट माझ्या गाठीवर. तिथे मला त्याचा श्वास ऐकू येतो.

आब्दोन दीड महिन्याचा होता तेव्हा शेजारची मुले त्याला बघायला आली. त्यातली एक मुलगी खोकत होती. न्या देओदाताने तिला हाकलले, पण तोवर ती पाळण्यात वाकून बाळाचे दोन मुके घेऊन मोकळी झाली होती. पुढे आठवड्याने कळले की त्या मुलीला तोच खोकला होता. आणि ते कळले त्याच दुपारी, जेवणानंतरच्या झोपेच्या वेळी, झुनिल्दाच्या खांद्यावर असताना आब्दोन खोकला.

एकदा. दुसऱ्यांदा.

न्या देओदाता समोरच्या खुर्चीतून अर्धवट उठली आणि तशीच थांबली. झुनिल्दाचे हृदय इतक्या जोरात धडधडत होते की मला बाळाचा श्वास ऐकू येईना. मी काहीच करू शकत नव्हते. माझे जे होते ते मी आधीच देऊन टाकले होते. तो तिसऱ्यांदा खोकला. मग काही नाही. काहीच नाही.

मग त्याने एक शिंक दिली, आईच्या मानेवर नाक पुसले आणि संथ श्वास घेत झोपून गेला.

नर्सला बोलावले. तिने तपासले, त्यालाही औषध दिले, आठ दिवस रोज येऊन बघितले. थोडा खोकला, थोडी सर्दी, पण पोर एकदाही निळे पडले नाही. "आईकडून शिदोरी घेऊन आलाय हा," नर्स म्हणाली. मी कान टवकारले. आता तरी! पण न्या देओदाता तेवढ्यात चीपाच्या गरम पावांचे पुडके नर्सच्या हातात कोंबत म्हणाली, "येत्या ऑगस्टात मी तीनऐवजी चार घोट घेणार."

झाले! पुन्हा बाटली आलीच. मी हात टेकले, म्हणजे असते तर टेकले असते.

मित्रांनो, मी पाठवलेले आकडे त्या पोराच्या अंगात काही महिनेच टिकले. ते झिजायच्या आत त्याला त्याच्या स्वतःच्या सुया मिळाल्या. दर वेळी त्याने टाहो फोडला आणि दर वेळी न्या देओदाताने त्याला स्वतः नेले. आता त्याच्या जबड्याखालच्या गाठीत एक कोवळी पेशी बसली असेल. तिलाही सांगितले असेल, तू फक्त लक्षात ठेव. तिलाही राग आला असेल. आमची भेट कधी होणार नाही.

माझे मागणे फार मोठे नाही. मला हार नको, आरती नको. आम्ही विसरतो, म्हाताऱ्या होतो, डुलक्या घेतो. आम्हाला वेळच्या वेळी आठवण करून द्या. तुमच्या घरी पाळण्यात तान्हे बाळ असेल आणि तुम्ही खोकत असाल, तर त्याचा मुका उद्यावर ठेवा. आणि पाहुण्याने नळी पुढे केली तर न लाजता आभार माना.

काल पुन्हा पहिली ऑगस्ट होती. न्या देओदाताने बाटली काढली. स्वतः चार घोट घेतले, चाकोहून आलेल्या बासिलिओला तीन दिले, झुनिल्दाला तीन दिले. बासिलिओने बोट वाटीत बुडवले आणि आब्दोनच्या ओठांकडे नेले.

न्या देओदाताने त्याचा हात धरला.

"त्याला नको," ती म्हणाली. "त्याचं झालंय."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या घरातले कोणीतरी आमच्याविषयी बोलले.